सावडीतला रविवार

रुपेशला ते पहिल्यांदा कळलं तेव्हा रविवारचे दुपारचे साडेतीन वाजले होते आणि कम्प्युटरच्या पडद्यावर वीस माणसं एका बुडालेल्या किल्ल्याच्या पायऱ्या उतरत होती. त्यातला एक तो स्वतः होता. बाकीच्यांत कुणी इंदूरचा, कुणी कोल्हापूरचा, दोघं ढाक्याचे. सगळ्यात पुढं जुन्नरचा नौशाद, अंगावर घाव घेणारा. राक्षसानं नौशादवर घाव घातला की मागं उभ्या रुपेशनं त्याची जखम भरायची. घाव, जखम, मलम. पुन्हा घाव. बऱ्याच वेळानं रुपेशच्या लक्षात आलं की आपण पडद्याकडं बघतच नाही. आपण खिडकीतून कांद्याच्या वाफ्यांकडं बघतोय, आणि तरी आतलं कुणी मेलेलं नाही.

राक्षस पडला. कानात एकच कल्ला झाला. "मलम भाई, एक नंबर!" खेळातलं त्याचं नाव मलम होतं. त्यानं हेडफोन काढून मांडीवर ठेवला. आतून आवाज येत राहिले, डबीत कोंडलेल्या किड्यांसारखे. त्याला काही वाटलं नाही. थोड्या वेळानं जे वाटलं ती भीती होती.

कारण त्याच्या मनात एक वाक्य आलं होतं, आणि ते त्याचं नव्हतं. बोटं खेळत्यात. मी न्हाई.

रुपेश चौतीस वर्षांचा. घर महाळुंगे पडवळला, आणि कळंबच्या फाट्यावर जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान. विहिरीवरची मोटार जळली की शेतकरी ती मोटरसायकलवर आडवी टाकून आणतो आणि दारातच म्हणतो, "रुपेशभाऊ, संध्याकाळपर्यंत पायजे राव, पीक चाललंय." रुपेश जळकी तार उपसून काढतो, खाचांत नवा कागद घालतो, तांब्याची नवी तार वेढे मोजत भरतो, वरून वॉर्निश पाजतो. वेढे मोजताना त्याच्याशी कुणी बोलत नाही. एक वेढा चुकला तरी मोटार गरम होते आणि महिन्याभरात परत येते.

तो खेळ त्याच्या आयुष्यात आला बारा वर्षांपूर्वी, चाकणला खोली करून राहत होता तेव्हा. खोलीवरच्या एकाचा कम्प्युटर होता. पुढं कारखाना सुटला, गाव आलं, दुकान आलं, प्रतीक्षाशी लग्न झालं, खेळ राहिला. त्या खेळाचं इंग्रजी नाव त्याच्या आईला, जानकाबाईला, कधी म्हणता आलं नाही. ती त्याला गावच म्हणायची. हेडफोन लावून बसलेल्या रुपेशला कुणी भेटायला आलं की सांगायची, "बसा पावणं, रुप्या त्याच्या गावाला गेलाय. यील घटकाभरानं."

नौशाद त्याला त्या गावातच भेटला. दोन वर्षं दोघं एकमेकांशी मोडक्या हिंदीत बोलत होते. एकदा लढाई ऐन रंगात असताना नौशाद ओरडला, "आयला, लाईट गेली!"

रुपेश चमकला. त्याचा कम्प्युटर इन्व्हर्टरवर चालला होता. "कुठं रं?"

"जुन्नरला."

"आन मी कळंबजवळ बसलोय की!"

"मंग दोन वर्स मला 'आप' काय म्हणतोयस?"

नौशादचं जुन्नरच्या पेठेत गाद्या-रजयांचं दुकान होतं. दोघांनी मिळून खेळात एक टोळी उभी केली. टोळीला नाव काय द्यायचं यावर आठवडाभर चर्चा झाली. कुणाला गरुड हवा होता, कुणाला वाघ. रुपेश म्हणाला, सावड. इंदूरवाल्यानं विचारलं, म्हणजे काय? रुपेशनं सांगितलं की आमच्याकडं कांद्याची लागण सावडीनं होते. आज सगळ्या बाया धोंडाबाईच्या वावरात, उद्या जानकाबाईच्या. मजुरी नाही. दिवसाला दिवस फेडायचा. आपणही तसंच करू. ज्याला जे हवं असेल त्यासाठी सगळ्यांनी यायचं, मग त्यानं सगळ्यांसाठी जायचं. टोळीचे नियमही त्यानंच लिहिले. कुणाला यायला जमलं नाही तर घरातलं दुसरं माणूस पाठवावं, आणि बदली माणूस आलं की ज्याचं काम असेल त्यानं त्याच संध्याकाळी न आलेल्याच्या घरी विचारपूस करावी. हे सावडीत असतंच, म्हणून त्यानं लिहून टाकलं. ढाक्याच्या माणसानं इंदूरला संध्याकाळी कसं जायचं, हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

गेल्या वर्षी ही सगळी सावड बारा रविवार रुपेशसाठी राबली होती. त्याला एक जुनी, हिरव्या उजेडाची काठी हवी होती. ती मिळाली तेव्हा तो घरभर नाचला होता. आता नौशादची पाळी होती. बुडालेल्या किल्ल्याच्या तळाशी एक ढाल होती आणि ती मिळायला अजून काही रविवार लागणार होते.

ती हिरवी काठी आता रुपेश कधी उघडून बघत नव्हता.

मनात आलेलं ते वाक्य मुळात त्याच्या वडलांचं होतं. भागुजी भीमगीतांच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. चौदा एप्रिल आला की महिना-महिना घरी नसत. एका गावची कमान उतरायच्या आत दुसऱ्या गावच्या स्टेजवर. रुपेश बारा वर्षांचा असताना येडगावला कार्यक्रम होता आणि तो सोबत गेला होता. लोक उभे राहून टाळ्या देत होते. भागुजी स्टेजवरून उतरले, ढोलकी गवसणीत घातली, आणि पोराला नव्हे, समोरच्या अंधाराला म्हणाले, "हात वाजवत्यात. मी न्हाई."

त्यानंतरही वर्षभर ते वाजवायला जात होते. मग ढोलकी राहिली. मग शेतात जाणं राहिलं. मग बोलणं. नऊ वर्षं ते ओट्यावर बसून रस्त्याकडं बघत होते. रस्त्यावरून काही गेलं तरी मान वळायची नाही. लोक म्हणायचे, भागुजी शांत झाला. कुणी म्हणायचं, बाहेरचं आहे. जेवण पुढं ठेवलं की जेवायचे, आंघोळीला नेलं की करायचे. गेले तेव्हाही कुणाला लगेच कळलं नाही. दुपारभर तसेच बसलेले होते.

म्हणून त्या रविवारपासून रुपेश स्वतःवर पाळत ठेवू लागला. सकाळी चहाचा पहिला घोट घेतला की थांबायचा. आवडला का? आवडला असावा. दुकानात वॉर्निशचा डबा उघडला की वास घ्यायचा. हा वास त्याला लहानपणापासून आवडत होता. आवडतोय का? पुन्हा नाक डब्याजवळ न्यायचा. दुसऱ्यांदा घेतलेला वास पहिल्यापेक्षा फिका लागायचा, तिसऱ्यांदा नुसतं रसायन. बोंबलाचं कालवण त्यानं तीन दिवस लागोपाठ करायला लावलं. चौथ्या दिवशी प्रतीक्षा म्हणाली, "काय डोहाळं लागलं का काय तुमाला?"

तो हसला. हसल्यावर लगेच त्यानं तपासलं की आपण खरंच हसलो का.

आणि तो जास्त खेळू लागला. हात गेले तरी मन मागून येईल, या आशेनं. दिवेलागणीनंतर बिबट्यामुळं असंही कुणी घराबाहेर पडत नाही. जेवण झालं की तो बसायचा. जुन्या वाटांनी फिरायचा. जिथं पहिल्यांदा वाट चुकला होता ते जंगल, जिथं नौशाद आणि तो दोघंच अडकले होते तो पूल. सगळं जागच्या जागी होतं. पाणी हलत होतं, पक्षी ठरल्या वेळी उडत होते. भर दुपारी ओळखीच्या गावात जावं आणि एकाही दारात माणूस नसावं, तसं त्याला व्हायचं. वेढे मोजताना तो चुकू लागला. एकाच आठवड्यात दोन मोटारी परत आल्या.

एका दुपारी तो लाईटबिल शोधत होता. ते मिळालं नाही, पण प्रतीक्षाच्या पिशवीत घरच्या फॉर्मांचा गठ्ठा सापडला. प्रतीक्षा गावची आशा सेविका, आरोग्य खात्याची. तिशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाचा एक फॉर्म तिला घरोघर जाऊन भरावा लागतो. बीडी ओढता का, घरात कुणाला शुगर आहे का, तोंडात फोड आहे का. रुपेशनं स्वतःचा फॉर्म काढला. शेवटच्या भागात प्रश्न होता, गेल्या दोन आठवड्यांत कामात किंवा कशातच रस, आनंद वाटला नाही असं किती दिवस झालं? पुढं चार चौकटी. एकही दिवस नाही. काही दिवस. निम्म्याहून जास्त दिवस. जवळजवळ रोज.

पहिल्या चौकटीत प्रतीक्षाची सुबक खूण होती. तिनं त्याला विचारलं नव्हतं. गावातल्या चारशे माणसांना ती हा प्रश्न विचारून आली होती, आणि घरच्यांचे फॉर्म तिनं ओट्यावर शेंगा फोडता फोडता भरून टाकले होते. घरच्या माणसाला काय विचारायचं?

रुपेशनं फॉर्म होता तसा ठेवला. त्याला राग आला नाही. राग यायला हवा होता, असं मात्र वाटलं, आणि तेही त्यानं भीतीच्या ढिगावर टाकलं.

पुढच्या रविवारी तीन वाजता तो खुर्चीवर बसला आणि उठला. पुन्हा बसला. पडद्यावर नौशाद हाका मारत होता. आता बसलो आणि परत बोटंच खेळली तर? परत काही वाटलं नाही तर? त्यापेक्षा न बसणं बरं. पण सावड होती. बारा रविवार खाल्लेले होते.

आत जानकाबाई गुडघ्याला तेल चोळत होती. कालच तिच्याऐवजी प्रतीक्षा धोंडाबाईच्या लागणीला जाऊन आली होती, आणि रीतीप्रमाणं धोंडाबाई संध्याकाळी मेथीची जुडी घेऊन विचारायला आली होती.

"प्रतीक्षा," रुपेश म्हणाला, "माझ्या जागी बसतीस का घटकाभर?"

"कुठं?"

"गावाला."

तिला वाटलं चेष्टा आहे. त्यानं तिच्या डोक्यावर हेडफोन ठेवला, चार बटणं दाखवली. हे दाबलं की जखम बांधली जाते. हे दाबलं की लांबच्याची. ज्याच्या नावापुढची पट्टी लाल होईल त्याला बघायचं, आणि काही झालं तरी नौशादला मरू द्यायचं नाही. बस्स. एवढं सांगून तो स्वयंपाकघरात गेला आणि दूध तापत ठेवलं, कारण काहीतरी करायला हवं होतं.

बाहेरच्या खोलीतून तिचा आवाज येऊ लागला. "जय भीम नौशादभाई. मी प्रतीक्षा. ह्यांची बदली."

मग, "अवो थांबा की, एकदम कशाला पळताय सगळी!"

मग, "ह्यो कोल्हापूरचा लई बोंबलतोय. गप की भाऊ, वरडतुयास म्हंजी जित्ता हायेस. ती मागं कोण पडलीया? ती कायच बोलंना. तिला आदी बघते."

"भाभी, मला बघा, मला! मी पुढं हाय!" नौशादची बोंब हेडफोनमधूनही स्वयंपाकघरापर्यंत आली.

"तुमी बोलताय न्हवं? मंग थांबा. गप पडलेल्याकडं आदी जायचं आसतं, आमाला शिकवलंय."

नौशाद मेला. पाठोपाठ एकोणीस जण मेले. वीसच्या वीस जण किल्ल्याच्या पायऱ्यांवर आडवे झाले, आणि प्रतीक्षा मोठ्यांदा हसली. पोटातून, दम लागेपर्यंत हसली. "पुन्यांदा! पुन्यांदा जाऊ! आता कळलं मला!"

रुपेश दारात येऊन उभा होता. केव्हा आला ते त्याला आठवत नव्हतं. ती पडद्याकडं वाकली होती, वेणी पुढं आली होती, आणि ती चुकीची बटणं दाबत मेलेल्या माणसांची माफी मागत होती. मागं दूध उतू गेल्याचा वास आला. जानकाबाई आतून ओरडली, "आरं, ध्यान कुठं हाय तुझं?"

साडेपाचपर्यंत ते चारदा मेले. ढाल मिळाली नाही.

दिवेलागणीला दारात मोटरसायकल थांबली. नौशाद होता. गळ्यात मफलर, मागं बांधलेली नवी उशी, आणि उसाच्या रस्त्यानं एकटा आल्यामुळं रंग उडालेला चेहरा. गेल्या सहा वर्षांत तो या घरी दोनदाच आला होता, एकदा ईदच्या आधी आणि एकदा रुपेशच्या पोरीच्या, सध्या आजोळी गेलेल्या मुक्तीच्या, बारशाला.

"येवढ्या अंधाराचं उसातनं कशाला आलास रं?" जानकाबाई म्हणाली. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. "परवाच तिथं बिबट्यानं कुत्रं नेलं."

"काय करू आई, नियम हाय. तुमच्या लेकानंच लिवून ठेवलाय. बदली माणूस आलं की इचारायला जायचं. आजवर कुणी बदली पाठवलंच न्हाई, म्हणून कुणी कुणाकडं गेलं न्हाई." त्यानं उशी कॉटवर टाकली. "बरं, भाभी, तुमी आज आमाला चार येळा मारलंत."

"पाचव्यांदा वाचवलं असतं," प्रतीक्षा म्हणाली.

"ते दिसलंच." मग तो रुपेशकडं वळला. हसू चेहऱ्यावर तसंच होतं, आवाज मात्र बदलला. "आजारी हायेस का?"

"न्हाई."

"मंग?"

रुपेश कॉटच्या कडेला बसला. परातीत भाकरी थापल्याचा आवाज येत होता, थप थप थप. त्या आवाजाच्या आडून बोलावं तसं तो हळू म्हणाला, "बोटं खेळत्यात. मी न्हाई."

परातीतला आवाज थांबला.

नौशादला त्यातलं काही माहीत नव्हतं. "एवढंच व्हय?" तो म्हणाला. "मंग नको खेळू की राव. माझं तर दोन वर्सापास्नं तसंच हाय. ती ढाल मला पायजेच न्हाई. तू दर रविवारी येतोस, मंग तुला न्हाई कसं म्हणायचं, म्हणून येतो." तो एकटाच हसला, आणि कुणीच हसत नाही हे बघून थांबला.

जानकाबाई बाहेर आली होती. हाताला पीठ तसंच. ती नौशादकडं बघत बोलली, मुलाकडं नाही. "ह्याच्या बानं हेच म्हणलं व्हतं. येडगावास्नं आल्यावर मलाबी म्हणला. हात वाजवत्यात, मी न्हाई. आन मी काय म्हणले, म्हायतीय? म्हणले, हात वाजवत्यात न्हवं, मंग झालं. सुपारी घेतलीया पार्टीनं. जावा." तिनं पिठाचे हात एकमेकांवर घासले. "कोण इचारायला आलं न्हाई. मीबी न्हाई."

तव्यावरची भाकरी करपत होती. कुणी उठलं नाही. मग प्रतीक्षा उठली. तिनं तवा उतरवला आणि खुंटीवरची पिशवी घेऊन आली. गठ्ठ्यातून रुपेशचा फॉर्म काढला, शेवटचं पान बघितलं. स्वतःची खूण बघितली. कानशिलं लाल झाली तिची. तो फॉर्म तिनं दुमडून बाजूला ठेवला, एक कोरा काढला, पेनचं टोपण दातात धरून काढलं आणि ती त्याच्यासमोर पाटावर बसली, परक्याच्या ओट्यावर बसते तशी, पाठ ताठ करून.

"नाव?"

"प्रतीक्षा, काय हे."

"नाव सांगा."

"रुपेश भागुजी."

बीडी, तंबाखू, शुगर सगळं तिनं क्रमानं विचारलं. एकही ओळ गाळली नाही. नौशाद मफलरचा शेव चाळवत बसला होता. शेवटच्या भागापाशी ती आली तेव्हाही वाचलं तिनं छापलं होतं तसंच. "गेल्या दोन आठवड्यांत कामात किंवा कशातच रस, आनंद वाटला नाही, असं किती दिवस झालं?"

"खेळाचं धरू?"

"सगळं धरा."

रुपेशनं चौदा दिवस आठवायचा प्रयत्न केला. चहाचे घोट आठवले, वॉर्निशचा डबा, परत आलेल्या दोन मोटारी. आवडलं होतं की आवडल्याची तपासणी झाली होती, हे आता वेगळं काढता येत नव्हतं. तो बोटांवर मोजू लागला. मोजता मोजता थांबला.

"आजचा धरू नको," तो म्हणाला. "दुपारी तू हसत व्हतीस तवा दूध उतू गेलं. मला कळलंच न्हाई."

"बरं. आजचा सोडला. बाकीचं?"

तो पुन्हा पहिल्या बोटापासून मोजू लागला. खोलीतल्या कुणी त्याला घाई केली नाही. जानकाबाई भिंतीला टेकून उभी होती आणि त्याच्या तोंडाकडं बघत होती, नवऱ्याच्या तोंडाकडं कधी बघितलं नव्हतं तसं.

"निम्म्याहून जास्त," रुपेश म्हणाला.

प्रतीक्षानं तिसऱ्या चौकटीत खूण केली. खूण थोडी चौकटीबाहेर गेली. "अजून एक प्रश्न हाय," ती म्हणाली, "आन मंग बुधवारी मंचरला जायचं. मनाचे डॉक्टर बुधवारी येत्यात. मी लोकांना पाठवते तिथं. रांग आसती, पण बघत्यात."

"बुधवारी तुझी मीटिंग हाय," रुपेश म्हणाला.

"मी नेतो," नौशाद म्हणाला. "दुकानाला कुलूप लावीन. माझे किती रविवार ऱ्हायलेत तुझ्याकडं?"

"चार."

"तीन सोडले. एक बुधवारी घेतो."

"आन आपल्या टोळीचं?"

"त्या कोल्हापूरवाल्याला भाभी पायजेल. मघाशीच इचारत व्हता, पुढच्या रविवारी त्याच येणार का म्हणून."

प्रतीक्षानं वर बघितलं नाही. ती दुसरा प्रश्न वाचत होती, आधी मनातल्या मनात, मग मोठ्यानं. रुपेश ऐकत होता. त्याला भीती अजून वाटत होती, निदान ती तरी वाटत होती, आणि ती जायला हवी की राहायला हवी, हे त्याला ठरवता येत नव्हतं. आत जानकाबाईनं तवा परत चुलीवर ठेवला, पण थापायला घेतलं नाही. ती उत्तराची वाट बघत होती.